सोमवारचं गिऱ्हाईक

धम्मपालचा कॅमेरा विकला जाऊ नये, एवढी एकच इच्छा त्या शनिवारी सकाळी अंगदच्या मनात होती.

भोकरदनच्या बसस्टँडसमोर, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दोघं बसत. दारावरची पाटी मात्र एकट्या धम्मपालची होती: खासगी तपास. शाळेपासूनचे मित्र. मोटारसायकल अंगदची, धावपळ अंगदची, उन्हातान्हात थांबणं अंगदचं. आणि काम फत्ते झालं की लोक हार घालणार धम्मपालला. खोलीत येणारे तर अंगदच्या हातातलं हेल्मेट बघून त्यालाच चहा सांगत.

त्यात धम्मपालनं मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आपला कॅमेरा विकायला टाकला, नवा घ्यायचा म्हणून. आता हा नवा कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवणार, या नुसत्या विचारानं अंगदची झोप उडाली. मग त्यानं 'किंग भोकरदन' या नावानं गुपचूप खातं उघडलं आणि भाव पाडायला बसला. धम्मपालनं कंटाळून विकायचंच सोडावं, एवढाच हेतू.

"हा माल आता कोणी घेत नाही," त्यानं टेबलाखाली टाइप केलं. "निम्म्यात देता का बोला."

समोर धम्मपालचा फोन टिणटिणला. त्यानं बघितलं, आणि फोन उलटा ठेवला.

तेवढ्यात जिना चढून एक बाई आली. तिशीची, पदर खोचलेला, हाताला ओल्या पिठाचे वाळलेले ठिपके.

"धम्मपाल साहेब तुमीच का?" तिनं अंगदला विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा ही चूक झाली होती. अंगद सुखावला, पण "मी इकडं," असं धम्मपाल म्हणाला आणि सुख तिथंच संपलं.

तिचं नाव शीतल. गाव पिंपळगाव रेणुकाई. घरात शेवयांचं मशीन टाकून तिनं चार उन्हाळे काढले होते. गावच्या बाया रवा भिजवून आणायच्या आणि शेवया वळून न्यायच्या. आता गर्दी आवरेना, म्हणून जालन्यात मोठं मशीन बघून विसार दिला होता.

"दुकानदार उद्या रविवारपोतर थांबणार हाय. जुनं विकून पैसा न्हाई भरला तर विसार बुडाला अन् मशीन दुसऱ्याला. मंग ह्या उन्हाळ्याच्या समद्या बाया बद्रीनाथकडं जातेत. एकदा गेलेलं गिऱ्हाईक माघारी येत न्हाई साहेब."

"मग जुनं विकलं का?"

"मोबाईलवर टाकलं व्हतं. हसनाबादचा भागवत म्हणून गिऱ्हाईक काल आलं, सौदा झाला. आज सकाळी त्यो टेम्पो घेऊन आला अन् म्हणला, चालवून दावा. पीठ टाकलं तर शेवया कुठल्या, नुसता गोळा भायेर आला! खालून बघितलं तर आतली पितळी जाळीच गायब. जाळीबिगर मशीन म्हंजी नुसतं लोखंड. अन् त्या मापाची जाळी आता मिळत न्हाई."

"कुणावर संशय?"

शीतलनं खाली बघितलं. "कुणाचं नाव घ्यावं? मव्हं बरं चाललंय ते दिसून राह्यलं ना समद्यांना."

हे वाक्य अंगदला उगाचच लागलं.

*

शीतलला जीपनं पुढं पाठवून दोघं मोटारसायकलवर निघाले. पिंपळगावात पोचले तेव्हा अंगणात टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या सावलीत भागवत फुरंगटून बसला होता. ओट्यावर शीतलचे सासरे रखमाजी होते. जनावरांच्या बाजारात त्यांनी उभी हयात दलाली केली होती. शीतलचा नवरा धर्मराज पाण्याचे तांबे घेऊन आला. शांत, हसतमुख गडी. बायकोनं सांगायच्या आत खुर्च्या मांडून मोकळा.

मशीनच्या खोलीत शिरताच अंगदचा पाय सरकला. फरशीवर तेल सांडलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. बाजूला गोड्या तेलाचा डबा, काठोकाठ भरलेला.

"नवी चप्पल!" अंगद करवादला.

"कालच तर तळाशी गेल्तं तेल," शीतल स्वतःशी पुटपुटली. "यांनी भरून आणलं असंल."

धम्मपाल मशीनपुढं उकिडवा बसला. "जाळी कुठं असते?"

"ह्या कड्याच्या आत."

"अंगद, कडं काढ बरं."

अंगदनं सगळा जोर लावला. कडं ढिम्म हललं नाही. पक्कड घेतली, तर लोखंडावर चरे पडले आणि कडं आणखीच आवळलं.

"अवो, उलटे आटे हायेत त्याला," शीतल म्हणाली. फडकं धरून तिनं विरुद्ध बाजूला नेट दिला, तशी कडं सुटून हातात आलं. आतले आटे लख्ख होते, तेलानं चमकत होते. अंगदनं पाडले तेवढेच चरे, बाकी एक ओरखडा नाही.

"काल तुम्ही पुसलं?"

"न्हाई. इकलेल्या वस्तूला मंग आमी हात लावत न्हाई. काल दिवेलागणीला हळदकुंकू वाहिलं, मोटारीला अन् ह्या कड्याला. तवाच शेवटचा हात. सकाळी बी नुसतं बटण दाबलं, कडं उघडलं न्हाई."

मोटारीवर कुंकवाचं बोट तसंच होतं. कड्यावर काहीच नव्हतं.

"आता मोबाईल दाखवा," धम्मपाल म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी भाव केला, त्यांचं सगळं बोलणं."

अंगदनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. गिऱ्हाईकं नेहमीसारखीच. फोटो पाठवा, शेवटचा भाव बोला, थोडं कमी करा ताई. जाहिरातीत मोटारीचं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं प्रत्येकानं तेच विचारलं होतं: सिंगल फेज का थ्री फेज? भागवतनं सुद्धा. कारण थ्री फेज असली तर घरच्या विजेवर ती चालणार नाही.

एक 'शुभम मराठवाडा' मात्र चार दिवस नुसता घोळ घालत होता. "जुना माल आहे, आठ हजार." "थांबा, विचार करतो." "नऊ. घाई करू नका." आणि काल रात्रीचा शेवटचा निरोप: "हसनाबादवाल्याला पंधरात कशाला देता? मी सोळा देतो. सोमवारी येतो."

अंगदच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. ही भाषा त्याच्या ओळखीची होती. त्यानं खिशातला फोन आणखी खोल सारला.

"मला तर पंधराचा आकडा ह्या निरोपातूनच कळला," शीतल म्हणाली. "मामंजींचा रिवाज हाय. माल उचलल्याबिगर भाव तोंडानं बोलायचा न्हाई."

*

रखमाजींनी खांद्यावरचा रुमाल झटकला.

"मोबाईलवर किती बी घासाघीस करा, पक्का सौदा मव्ह्या ह्या रुमालाखालीच. बोटं धरायची, बोटावर आकडा. भाव फक्त दोन हातांना ठावं, तिसऱ्याला बिलकुल न्हाई. बाईमाणसाला बी सांगितला न्हाई मी."

"आणि सोळाचा निरोप आल्यावर?"

"सून धावत आली दावायला. मी म्हणलो, सोळा काय, पन्नास देऊ दे. रुमालाखाली दिलेला शब्द फिरवत न्हाईत."

"अंगदला जरा शिकवा की बाबा," धम्मपाल म्हणाला. "त्याला हौस आहे भाव करायची."

अंगद चपापला, पण धम्मपालचा चेहरा सरळ होता. रखमाजींनी दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. म्हाताऱ्याची बोटं अंगदच्या बोटांना भिडली आणि थरथरत राहिली. ही चार धरली की पाच? का तीनच?

"किती?" रखमाजींनी विचारलं.

"चार... नाही, पाच?"

"दोन व्हती दोन!" रखमाजींनी हात ओढून घेतला आणि रुमालातच दडवला. "तुमच्यासारख्याला न्हाई कळायचं ह्ये."

धम्मपाल गालात हसला. आपली फजिती झाली की ह्याला बरं हसू येतं, असं अंगदला वाटलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

भागवत टेम्पोपाशी वैतागलेला होता. "मी काहून चोरीन जाळी? बायकोला मशीन पाहिजे म्हणून आल्तो. सौदा बी सोपा न्हाई गेला. मी एक बोट कमी करू पाह्यलं, तर हात असा घट्ट, पकडीवानी, हलू देईना. पंधरावर आणून सोडलं मला. आता जाळी मिळाली तर नेतो, न्हाई तर चाललो."

मोठी जाऊ मालनबाई शेजारच्या दारातच उभी होती. तिला विचारावंच लागलं नाही.

"आमी काय कुणाचं नेणार? देवानं तिलाच समदं दिलं. वीस-बावीस हजार तर घेतलेच असतील त्या डबड्याचे! दोघी एकाच मांडवात आलो ह्या घरात. तिच्या दारात बायांची रांग, अन् मव्ह्या दारात कुत्रं बसत न्हाई. जळतो म्हणा. व्हय, जळते! पण त्या खोलीत पाऊल टाकत न्हाई मी. मागं करंट बसला व्हता."

अंगदला ही बाई एकदम आवडली. इतकं उघड बोलता आलं असतं तर आपलंही ओझं उतरलं असतं, असं त्याला वाटलं.

बद्रीनाथचं मशीन मारुतीच्या पाराजवळ होतं. बाहेर चार बाया डबे घेऊन बसलेल्या.

"सकाळपासून मव्हंच नाव चाललंय गावात," तो म्हणाला. "तिचं मोठं मशीन आलं तर मी बसलो, खरं हाय. पण जाळी कशी निघती तिची, मला काय ठावं? आमची चार बोल्टांची. अन् त्या जुन्या मशीनला बारा-तेराच्या वर देणार कोण?"

परत येताना अंगदनं ठणकावून सांगितलं, "हाच. सोमवारी येतो म्हणे! रविवार उलटला की शीतलचं नवं मशीन गेलं. फायदा एकट्या बद्रीनाथचा."

"सोमवार तुला बरोबर दिसला," धम्मपाल म्हणाला. "माणूस नाही दिसला."

झालं. कौतुकसुद्धा निम्मंच.

*

ओट्यावर सगळे जमले. धर्मराजनं चहा आणला आणि कप देऊन झाल्यावर तो खांबाला टेकून उभा राहिला.

"आधी ह्या शुभमचं बघू," धम्मपालनं सुरुवात केली. "गिऱ्हाईक भाव पाडतं किंवा वाढवतं ते वस्तू घ्यायची असते म्हणून. हा चार दिवस भाव पाडत होता आणि सौदा होताच वाढवून मोकळा झाला. वर येणार कधी, तर सोमवारी. म्हणजे त्याला मशीन नको होतं. ते रविवारपर्यंत इथून हलू नये, एवढंच हवं होतं. वाढीव भावाला बाबा भुलले नाहीत, तेव्हा त्यानं रात्री जाळी काढली."

"बद्रीनाथच की मंग!" मालनबाई म्हणाली.

"थांबा. जो तो विचारतो, मोटार कुठली? ह्यानं एकदाही विचारलं नाही. जो मशीन ओळखतो, तो कशाला विचारेल? पुढं, त्याला पंधराचा आकडा माहीत होता. मालनबाई वीस-बावीस म्हणाल्या, बद्रीनाथ बारा-तेरा म्हणाला. कुणी मुद्दाम चुकीचं सांगितलं असेल, असंही धरू. पण भाव कुणाच्या तोंडून फुटलाच नव्हता. शीतलताईंनाही नाही. भाव दोन हातांनाच माहीत होता."

"मंग मी झालो का चोर?" भागवत उठला.

"तुम्ही स्वतःवरच चढा भाव लावून हातातला माल घालवाल? नाही. राहिला दुसरा हात." धम्मपाल रखमाजींकडं वळला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "बाबा, रागावू नका. भागवत म्हणाले, हात पकडीसारखा घट्ट होता. मघाशी अंगदला तुमची बोटं मोजता आली नाहीत. त्याची चूक नव्हती. काल रुमाल तुमचा होता. हात कुणाचा होता?"

रखमाजींची बोटं रुमालाशी चाळा करत राहिली.

"पोराचा," भागवत बोलून गेला. "म्हाताऱ्यानं रुमाल टाकला, हात धर्मराजनं घातला. त्यात काय एवढं? घरातला कुणी बी हात घालतो, नाव म्हाताऱ्याचं ऱ्हातं."

शीतलनं मान वर केली. धर्मराज हसला; पण ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"घरातला माणूस हाय मी," तो म्हणाला. "मला भाव ठावं असला तर चोर झालो का?"

"त्यावरून नाही. कड्यावरून," धम्मपाल म्हणाला. "परक्या माणसानं ते रात्री अंधारात काढलं असतं तर अंगदसारखं उलटं पिळून चरे पाडले असते. इथं चरा नाही. उलट, जाळी काढल्यावर कुणीतरी आटे पुसले, तेल लावलं, कडं नीट बसवलं. पुसताना शीतलताईंनी लावलेलं कुंकूही गेलं. वैरी असा पुसून, तेल लावून जात नाही. कडं उघडलं की पुसायचंच, ही सवय ज्याच्या हातात मुरली आहे, त्याच्याच हातून हे झालं. ताई, रोज मशीन कोण पुसतं?"

शीतलनं नवऱ्याकडं बघितलं. "हेच पुसतेत. मला पीठ आवरायचं असतं."

"अंगद, तेलाचा डबा आण."

अंगदनं डबा उचलून आणला. बाही वर करून धम्मपालनं हात आत घातला. तेल ओट्यावर सांडलं. हात वर आला तेव्हा त्यात पितळी जाळी होती, एकही भोक न बुजलेली.

"काल तळाशी गेलेलं तेल आज काठोकाठ, तेही खाली सांडेपर्यंत. जाळी बुडवायला त्यानं डबा भरला आणि जाळी आत गेल्यावर तेल वर आलं. विहिरीत टाकली असती तर मलाही सापडली नसती. पण पितळ काळं पडेल, हे त्याला बघवलं नसतं."

मालनबाईनं कधी नव्हे ते तोंडाला पदर लावला.

"काहून केलं?" शीतलनं विचारलं. आवाज चढला नाही, त्यामुळं तो जास्तच लागला.

धर्मराज चहाचे रिकामे कप गोळा करू लागला.

"गावात मला नाव न्हाई ऱ्हायलं," तो म्हणाला. "शेवयावालीचा नवरा. बँकेत गेलो तरी त्येच, सोयऱ्याच्या लग्नात बी त्येच. काल भागवतशी सौदा मी केला, पंधरावर मी आणला, अन् नाव झालं मव्ह्या बापाचं. मोठं मशीन आलं असतं तर मी आणखी बारका झालो असतो. तुझं वाईट नव्हतं करायचं, शीतल. तू व्हतीस तेवढीच ऱ्हावी, एवढंच वाटत व्हतं."

"मला सांगायचं व्हतं."

"काय सांगू? बायकोवर जळतो म्हणून?"

शीतलनं जाळी पदरानं पुसली, कड्यात बसवली, उलट्या आट्यावर घट्ट केली. रव्याचा गोळा टाकून बटण दाबलं. बारीक, सरळ शेवया खाली आल्या. भागवतनं पैसे दिले, एक रुपया कमी केला नाही.

टेम्पो निघताना धर्मराज सवयीनं मागं चढायला गेला. भागवत शीतलला जालन्यालाच सोडणार होता, नव्या मशीनच्या दुकानापाशी. ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिनं मागं वळून बघितलं.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. "अन् नव्या मशीनची जाळी आता मीच पुसत जाईन."

हातातलं तेलकट फडकं धर्मराजनं तसंच धरून ठेवलं. टेम्पो वेशीबाहेर गेला तरी तो अंगणात उभा होता.

*

दोघं भोकरदनच्या वाटेला लागले. मोटारसायकल अंगद चालवत होता, मागं धम्मपाल.

"एक सांग," न राहवून अंगद म्हणाला. "मालनबाई एवढी जळफळत होती, बद्रीनाथचा धंदा बुडत होता. त्यांना सोडून तू नवऱ्याकडं कसा वळलास?"

"लांबचा माणूस जळतो तो बोलून दाखवतो. जवळच्याला बोलता येत नाही. तो खुर्च्या मांडतो, चहा आणतो." धम्मपाल थांबला. "गाडी चालवतो."

अंगदचा हात ॲक्सिलरेटरवरून सैल पडला. गाडी आपोआप हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली.

"माझ्याही कॅमेऱ्याला एक गिऱ्हाईक आहे," धम्मपाल शांतपणे म्हणाला. "किंग भोकरदन. बाकीचे सगळे विचारतात, भिंगावर ओरखडा आहे का? ह्यानं एकदाही विचारलं नाही. ओरखडा आहे, हे त्याला माहीत असणार. जाफराबादच्या कामात तूच पाडलास ना तो?"

समोर कापसाची मोकळी रानं तापत होती. अंगदनं हेल्मेट काढलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण जीभ वळली नाही.

"मला तो कॅमेरा नको होता," तो म्हणाला. "तुझ्या गळ्यात नवा असू नये, एवढंच वाटत होतं. पाटीवर तुझं नाव, पेपरात तुझा फोटो. मी तुझा ड्रायव्हर."

"चार दिवसांपासून माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

अंगदला रडू आलं आणि त्याचा रागही आला. इथंही हाच मोठा ठरला होता. हे हेव्याचं मूळ इतक्यात निघायचं नाही, हे त्याला त्याच क्षणी कळून चुकलं.

"उतर मग," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शीतलनं त्याला नेलं नाही, बघितलंस ना. तूही जा दुसऱ्या गाडीनं."

मागचं वजन हललं नाही.

"मी अजून बसलोय," धम्मपाल म्हणाला. "चालव."

अंगदनं हेल्मेट घातलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.